बेअरिंग गेलंय!

थांबा, चहा उकळेपर्यंत एक फजिती ऐकवतो. दुसऱ्या कुणाची नाही, माझीच. कुवेतला असताना मी एका आवाजापायी गाढव ठरलो. तेही एकदा नाही, दोनदा! पहिल्या वेळी, मला काहीच कळत नव्हतं म्हणून. आणि दुसऱ्या वेळी? मला सगळं कळत होतं म्हणून!

गोष्ट एकोणीसशे साठच्या पुढची-मागची. शुऐबा बंदराला तेव्हा नुसती बांधकामं चालू होती. जिकडे बघाल तिकडे वाळू, लोखंड आणि टोपी घातलेले इंजिनिअर. आमच्या कंपनीचा कामगार कॅम्प तिथून जरा अलीकडे, फिंतास गावाच्या अंगाला. मी कॅम्पच्या वर्कशॉपात फिटर होतो.

आता स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण सांगतो. माझा कान फार तयार. कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या वर्कशॉपात हात काळे केलेला माणूस मी. आमच्या मिस्त्रींनी शिकवलं होतं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि लाकडी मूठ कानाला. मशीन आपलं दुखणं आपणच सांगतं. कुवेतमध्येही माझं नाव झालं होतं. ट्रक फाटकातून आत यायच्या आधी मी सांगायचो, ह्याचा तिसरा सिलिंडर लंगडतोय. आणि तो लंगडत असायचा हो! म्हणून तर डोकं फिरलं.

कॅम्पला आंघोळीचं, धुण्याचं पाणी एका विहिरीवरून यायचं. मचूळ पाणी, पण अंगावर घ्यायला चालायचं. विहिरीवर पंपहाउस, विजेची मोटार, आणि शेजारी सिमेंटची मोठी टाकी. टाकी भरून वाहायची, त्या पाण्यानं मागे चांगली दलदल झालेली, आणि दलदलीत पुरुषभर उंचीचा बोरू माजलेला. सगळ्या वाळवंटात तेवढाच एक हिरवा तुकडा.

पंप चालवायचे दाऊदभाई. रत्नागिरीकडचे. सगळी उमर बोटींच्या इंजिनखोलीत काढलेली, दाढी पांढरी झालेली, आणि पंपावर पोटच्या पोरासारखी माया. रोज त्याला फडक्यानं पुसायचे. मला नावानं हाक मारायचे, वसंता. वयानं वडीलच होते.

त्या वर्षी मार्च महिन्यात, सकाळी उजाडता उजाडता मी पंपहाउसवरून वर्कशॉपकडे चाललो होतो. आणि कानावर आलं.

टिक्. टिक्. टिक्-टिक्-टिक्. मग वेग घेतला, आणि किर्रर्रर्रर्रर्र! एकसारखं, बारीक, सुक्या लोखंडावर लोखंड घासल्यासारखं. थांबायचं नाव नाही. मी जागच्या जागी उभा राहिलो. स्क्रू ड्रायव्हरचीसुद्धा गरज नव्हती.

“दाऊदभाई,” मी आत शिरत म्हटलं, “बेअरिंग गेलंय!”

“कुनाचा?”

“कुणाचं काय? पंपाचं! ऐका की!”

दाऊदभाईंनी मान तिरकी केली, ऐकलं. “मना तर कायच ऐकू येत नाय.”

आणि खरंच, मी आत आलो तसा आवाज बंद! मोटार आपली गुणगुणतेय, पंप झोपलेल्या बाळासारखा शांत.

“मशीन बरी हाय,” दाऊदभाई म्हणाले, “तुझ्या कानात मळ हाय. तेल घाल.”

माझ्या कानात मळ! तडक वर्कशॉपला गेलो. पण काम सुचेना. संध्याकाळी मुद्दाम आलो. लांबूनच ऐकू आलं, किर्रर्रर्र. दहा पावलांवर आलो की बंद. मागे सरकलो, थोडा वेळ थांबलो, परत टिक्-टिक्-टिक्, किर्रर्र!

आता तुम्ही सांगा, शहाण्या माणसानं यातून काय ओळखावं? मी ओळखलं ते असं, की माझ्या बुटांनी जमीन हलते, त्यानं पंपाचा पाया हलतो, आणि बेअरिंग तेवढ्यापुरतं जाग्यावर बसतं. म्हणजे फाउंडेशन बोल्टसुद्धा ढिले! एक आजार होता, दोन झाले.

आवाज सकाळी आणि सांजच्याला जोरात, दुपारी अजिबात नाही. याचं उत्तर तर माझ्या तोंडपाठ होतं. उन्हानं लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज बंद. गारव्यात आक्रसतं, फट पडते, आवाज चालू. आणि आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटायचा, कधी उजवीकडून. म्हणजे काय? शाफ्ट वाकडा! तीन आजार.

खात्री करायला म्हणून एकदा भर दुपारी दाऊदभाईंकडून पंप घटकाभर बंद करून घेतला. कान लावला. आवाज नाही! संध्याकाळी पंप चालू असताना ऐकलं, आवाज आहे!

“बघा!” मी म्हटलं. “पंप बंद, आवाज बंद. पंप चालू, आवाज चालू. आता बोला!”

दाऊदभाई काय बोलणार? त्यांना दोन्ही वेळा काहीच ऐकू आलं नव्हतं. बोटीच्या इंजिनांनी त्यांच्या कानातला बारीक आवाजाचा पडदा कधीच निकामी केला होता. हे मला ठाऊक होतं. म्हणून त्यांचं मत मी मोजलंच नाही.

या सगळ्यात आणखी एक भानगड. आमच्या इंजिनिअर साहेबांची बायको, बेकरबाई, रोज सकाळी त्या बोरूच्या कडेला चिखलात बसलेली असायची. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर गवताच्या रंगाची टोपी. हालचाल नाही, बोलणं नाही. मला वाटलं, बिचारीचं काही तरी हरवलंय. एकदा मी लांबून ओरडून विचारलं, “मॅडम! काय शोधताय? कानातलं पडलं का?”

तिनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पाना उचलून निघून आलो. आणि पंपहाउसात जाऊन फाउंडेशन बोल्ट ठोकायला लागलो. घण घेऊन. ठाण! ठाण! ठाण! माझं काम मी करत होतो हो. तिचं काम मला कुठं माहीत होतं?

बोल्ट आवळले. आवाज गेला नाही. ग्रीस भरलं, डबाच्या डबा. दाऊदभाई कळवळले, “अरे, त्येच्या तोंडात किती कोंबशील? ढेकर देल तो!” आवाज गेला नाही. शेवटी मी बेकर साहेबांसमोर उभा राहिलो.

आता साहेब म्हणजे भला माणूस, पण कमी बोलणारा. वर्कशॉपचा फोरमन त्या उन्हाळ्यात मायदेशी जाणार होता, आणि त्याची जागा कुणाला द्यायची हे साहेबांच्या हातात होतं. मला तेच दिसत होतं. मी त्यांना तिन्ही आजार ओळीनं सांगितले. लोखंडाचं फुगणं, पायाचं हलणं, शाफ्टचं वाकणं.

साहेब म्हणाले, “वसंत, तुझी खात्री आहे?”

मी म्हटलं, “सर, माझा कान खोटं बोलत नाही.”

कान बिचारा खोटं बोलतच नव्हता. बोलत होतो तो मी!

नवं बेअरिंग शहरातून मागवलं. पंप उघडायचा मुहूर्त मीच काढला, शुक्रवार सकाळ. का? तर शुक्रवारी सुट्टी, साइटवर पाणी लागणार नाही. सुट्टीच्याच दिवशी सगळा कॅम्प आंघोळ करतो, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी तर झाडून सगळे करतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दाऊदभाईंनी सांगायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, टाकी भरलेली आहे की! नऊपर्यंत पंप जोडून देतो.

उजाडताना सुरुवात केली. मोटार बंद. कपलिंग सोडलं, पंप उघडला, शाफ्ट बाहेर काढला. सगळे भाग गोणपाटावर मांडले. दाऊदभाई बाजूला बसले होते, ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात तसे.

जुनं बेअरिंग हातात घेतलं. बोटानं फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. परत फिरवलं. डाग नाही, चरा नाही. शाफ्ट डोळ्यांसमोर धरला. सरळ!

नव्या बेअरिंगशी ताडून बघितलं, काही फरक नाही. तरी म्हटलं, असेल, आतल्या आत काही तरी असेल.

तेवढ्यात कॅम्पकडून कालवा ऐकू आला. टाकी संपली होती! बघतो तर माणसांची रांग पंपहाउसकडे चाललेली. कमरेला टॉवेल, अंगभर साबण. कुणाच्या डोक्यावर फेसाचा मुकुट, कुणाचे डोळे चुरचुरतायत म्हणून दुसऱ्याच्या खांद्याला धरून चाललेला. मल्याळी, पंजाबी, गोवेकर, आपले कोकणातले, सगळ्या देशाचा साबण एके ठिकाणी गोळा झाला. पुढे फाटकावरचा अरब पहारेकरी, तोही अर्धा फेसात, हात वर करून ओरडतोय, “माय माकू! माय माकू!” पाणी नाही, पाणी नाही!

वारं सुटलं होतं. वाळू उडत होती. ओल्या साबणावर वाळू बसली की माणूस कसा दिसतो, माहीत आहे? रवा लावून तळायला ठेवलेल्या बांगड्यासारखा!

आणि त्यांच्या मागून बेकर साहेब. त्यांच्या दाढीला अर्ध्या बाजूला साबण. त्यांच्या बंगल्याचं पाणीही याच टाकीवर होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

“वसंत,” साहेब म्हणाले, “काय सापडलं?”

मी बेअरिंग हातात धरून उभा. मोटार बंद. पंपाचे तुकडे गोणपाटावर. रांगेतले लोक माझ्या तोंडाकडे बघतायत. सगळीकडे अशी शांतता, की साबणाचे बुडबुडे फुटलेले ऐकू यावेत.

आणि त्या शांततेत,

टिक्. टिक्. टिक्-टिक्-टिक्. किर्रर्रर्रर्रर्र!

साहेबांनी गोणपाटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत गोणपाटाकडे. मीही बघितलं. बेअरिंग माझ्या हातात होतं, आणि ते तिकडे, बोरूत, मजेत वाजत होतं!

“ऐकू आला का तुला आवाज?” दाऊदभाईंनी हळूच विचारलं. “मना नाय आला.”

बोरू हलला. त्यातून गुडघाभर चिखलात बेकरबाई बाहेर आली. तोंड लाल. मला वाटलं, आता ही मला दुर्बिणीनंच मारणार. पण बाई हसत होती! तिनं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि एका बोरूच्या काडीकडे बोट दाखवलं.

काडीवर एक पाखरू. चिमणीपेक्षाही सडपातळ, वरून साधं तपकिरी, खालून मळकट पांढरं. ना ठिपका, ना पट्टा, ना तुरा. चोच उघडी टाकून, गळा फुगवून, डोकं डावीकडे उजवीकडे फिरवत गातंय. तो माझा वाकडा शाफ्ट! कुणी तरी शिंकलं, आणि पाखरू दगड पडावा तसं खाली बोरूत पडलं, उंदरासारखं पाणथळातून सरपटत दिसेनासं झालं. तो माझा ढिला फाउंडेशन बोल्ट!

बाईनं मग सांगितलं. हा वटवट्यांच्या जातीतला पक्षी. तिकडे आफ्रिकेतून निघतो, उत्तरेला जातो, वाटेत इथं पाणी आणि बोरू दिसला की थांबतो. किडे, कोळी, डासांच्या अळ्या खातो. सगळा दिवस बोरूच्या बुडाशी लपून असतो, सकाळ-संध्याकाळ काडीवर चढून गातो, चाहूल लागली की गप्प. तो नीट दिसावा म्हणून ती कितीतरी दिवस चिखलात बसत होती, आणि रोज नेमकं तो वर चढला की कुणी तरी पंपहाउसात घण घालायचं.

“आज पहिल्यांदाच तुम्ही पंप बंद ठेवलात,” बाई म्हणाली. “थँक यू!”

थँक यू! साबण लावलेला सगळा कॅम्प मागे उभा, आणि ही बाई माझा हात धरून थँक यू म्हणतेय! साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, “पंप किती वेळात जोडशील?” नवं बेअरिंग आणलंच होतं, म्हणून तेच घातलं. लाजेपायी हात इतके भरभर चालले, की आयुष्यात कधी चालले नाहीत.

बरं, इथं गोष्ट संपली असती तर मी थोडक्यात सुटलो असतो.

पण मला त्या पाखराचा नाद लागला! म्हटलं, ज्यानं आपल्या कानाला फसवलं, त्याला नीट ओळखायचंच. रोज सकाळी बोरूपाशी जाऊन बसायला लागलो. बाईनं जुनी दुर्बीण दिली. ते काडीवर कसं तिरपं चढतं, पाण्यावरच्या पानांखालून किडा कसा ओढतं, गायच्या आधी कसं टिक्-टिक् करतं, सगळं पाठ झालं. थोड्या दिवसांनी ते उडून गेलं, तर मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. त्या उन्हाळ्यात फोरमनची जागाही मला मिळाली. बाईचा शब्द असणार त्यात, दुसरं काय? कॅम्पात लोक कौतुकानं विचारायचे, मिस्त्री, पाखरू कधी येणार? मी म्हणायचो, मार्चमध्ये.

आणि पुढच्या मार्चमध्ये ते आलं.

एका सकाळी पंपहाउसवरून जाताना, किर्रर्रर्र! माझ्या अंगावर काटा आला हो, आनंदानं! दाऊदभाई धावत बाहेर आले.

“वसंता! बेअरिंग गेला!”

मी हसलो. “दाऊदभाई, शू! वटवट्या आलाय.”

“वटवट्या कसला? मना ऐकू येतोय!”

आता बघा, इथंच माझं डोकं चालायला हवं होतं. ज्या माणसाला पाखराचा आवाज कधी ऐकूच आला नाही, त्याला तो आता कसा ऐकू येतोय? पण मी काय म्हटलं? म्हटलं, “यंदा जोडीनं आलेत. आवाज दुप्पट आहे.”

जवळ गेलो तरी आवाज थांबेना. मला भरून आलं. म्हटलं, ओळख ठेवली! आता मला घाबरत नाही! दुपारच्या उन्हातही आवाज चालू. म्हटलं, इथली हवा मानवली याला. आफ्रिकेतून आलेलं पाखरू, त्याला कसलं ऊन? दाऊदभाईंनी ग्रीसचा डबा उचलला, तर मी हातातून काढून घेतला. म्हटलं, खबरदार! खुडबुड केलीत तर उडून जाईल. पंपहाउसात कुणी पाय आपटायचा नाही, पाना वाजवायचा नाही!

बेकरबाई रजेवर विलायतेला गेली होती, ती त्याच आठवड्यात परत यायची होती. साहेबांना मी आधीच निरोप दिला, शुक्रवारी सकाळी मॅडमना घेऊन या, यंदा पाखरू अगदी धीट झालंय. साहेब आले, बाई आली, त्यांचे आणखी दोन-तीन पाहुणे आले. सगळ्यांना मी चवड्यांवर चालायला लावलं. बोरूपाशी ओळीनं बसवलं. आणि हळू आवाजात माहिती द्यायला लागलो. खातं काय, राहतं कुठं, जातं कुठं. पाहुणे माना हलवतायत.

“आता ऐका,” मी म्हटलं. “श्वास न घेता कसं गातंय बघा.”

किर्रर्रर्रर्रर्र. खर्रर्रर्र. कर्रर्र-खट्-कर्रर्र.

बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मिस्टर वसंत, हा आवाज जरा वेगळा...”

“वय झालंय त्याचं, मॅडम,” मी म्हटलं. “गेल्या वर्षीचंच आहे ना ते. घसा बसलाय.”

बाईनं दुर्बीण बोरूवरून काढली आणि हळूहळू पंपहाउसकडे वळवली. साहेबांनीही मान वळवली. मी मात्र बोरूकडेच बघत होतो, कारण मला ठाऊक होतं ना, पाखरू कुठं असतं ते!

तेवढ्यात आतून लोखंडाची एक जोराची किंकाळी, मग धाडकन आवाज, आणि मोटार जागच्या जागी जाम झाली. खिडकीतून काळा धूर भसाभसा बाहेर यायला लागला. पलीकडे कॅम्पच्या न्हाणीघरांतून शुक्रवारचा तोच कालवा उठला.

दाऊदभाई खोकत, डोळे चोळत बाहेर आले. साहेब, बाई, पाहुणे सगळ्यांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली, मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“वसंता,” ते म्हणाले, “आत ये. तुझ्या पाखरानं बिडी पेटवलीय.”